फाटकापासून वर्गापर्यंत

जून महिना उजाडला की आपल्या घराघरांत प्रवेशाची चर्चा सुरू होते. शाखा कोणती, महाविद्यालय कोणते, शुल्क किती, वसतिगृह मिळेल की नाही, अशा प्रत्येक प्रश्नावर घरातील वडीलधारी मंडळी तासन्‌तास विचार करतात. एक प्रश्न मात्र या चर्चेत क्वचितच येतो आणि आला तरी दोन मिनिटांत मिटतो. मुलगा किंवा मुलगी रोज महाविद्यालयात जाणार कशी? ‘गाडी घेऊन देऊ’ एवढ्या उत्तरावर विषय संपतो. ती गाडी कोणत्या रस्त्याने जाईल, आवारात कुठे उभी राहील आणि ती उभी केल्यावर आपले मूल वर्गापर्यंत किती पावले चालेल, हे कुणी विचारत नाही.

या स्तंभात आपण आहार, झोप, ऋतुचर्या, मनःस्वास्थ्य अशा विषयांवर बोलत आलो आहोत. आज वाहनतळावर लिहायचे म्हटल्यावर आपल्याला थोडे नवल वाटेल. वाहने कुठे लावावीत हा कुलसचिवांचा, फार तर रखवालदाराचा प्रश्न, त्याचा प्रकृतीशी काय संबंध? माझे म्हणणे असे आहे की संबंध फार निकटचा आहे. महाविद्यालयाच्या तीन ते पाच वर्षांत तरुण शरीराला चालण्याची सवय राहते की सुटते, हे बऱ्याच अंशी गाडी आवारात कुठपर्यंत नेता येते यावर ठरते. आणि ते मूल संध्याकाळी सुखरूप घरी परतते की नाही, तेही त्याच व्यवस्थेशी बांधलेले आहे.

आपल्या भागाचे चित्र

धुळ्यात पांझरेपलीकडचे देवपूर ही जणू शहराची विद्यानगरीच. कला, विज्ञान, वाणिज्य, अभियांत्रिकी अशा अनेक शाखांची महाविद्यालये तेथे जवळजवळ उभी आहेत. साक्री, शिंदखेडा, शिरपूरकडून एस. टी. ने येणारी मुले, चाळीसगावच्या गाडीने उतरणारी मुले, शहराच्या जुन्या भागातून पूल ओलांडून येणारी मुले, सर्वांची वर्दळ सकाळी ठरावीक घटकेला एकाच दिशेने लोटते. धुळे हे मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर या दोन महामार्गांच्या छेदावर वसलेले शहर आहे. त्यामुळे ट्रक, कंटेनर आणि विद्यार्थ्यांच्या दुचाकी यांची गाठ रोजच पडते.

जळगावचे उदाहरण याहून बोलके आहे. १५ ऑगस्ट १९९० रोजी स्थापन झालेले आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ या नावाने ओळखले जाणारे आपले विद्यापीठ शहराबाहेर, बांभोरीजवळ, महामार्गाच्या कडेला वसले आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील विद्यार्थी तेथे येतात. आवार विस्तीर्ण आहे, निरनिराळ्या प्रशाळांच्या इमारती पसरलेल्या आहेत. शहराबाहेर मोकळी जागा मिळाली, हवा चांगली मिळाली, हा लाभ खरा. परंतु शहर आणि विद्यापीठ यांना जोडणारा रस्ता म्हणजे अवजड वाहनांचा महामार्ग. तो शहराच्या मध्यातून जात असल्याने त्याच्या दोन्ही बाजूंना समांतर रस्ते व्हावेत, यासाठी जळगावकरांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला. त्या मागणीमागे महामार्गावर माणसे गमावलेली कुटुंबे होती. विद्यापीठाच्या वाहतुकीचा विचार त्यामुळे फाटकाच्या आतच सुरू करून चालत नाही. तो विद्यार्थ्याच्या घराच्या उंबरठ्यापासून करावा लागतो.

जागेचा हिशेब

वाहन उभे करण्याची जागा हे विद्यापीठांचे जगभरचे दुखणे आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे अध्यक्ष राहिलेले क्लार्क केर थट्टेने म्हणत, त्याचा आशय असा की प्राध्यापक मंडळींना परस्परांशी जोडणारा एकमेव धागा म्हणजे वाहनाच्या जागेविषयीची तक्रार. त्याच विद्यापीठाच्या बर्कले येथील आवारात नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या प्राध्यापकाला मोटार लावण्यासाठी राखीव जागा देण्याची प्रथा आहे. एवढ्या मोठ्या सन्मानाबरोबर मोटारीची जागा द्यावीशी वाटते, यावरून तिचे मोल किती ते लक्षात यावे.

आता आपल्याकडचा हिशेब पाहू. महाराष्ट्राच्या २०२० च्या एकत्रिकृत विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावलीनुसार एका मोठ्या मोटारीसाठी अडीच मीटर रुंद आणि पाच मीटर लांब, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा धरतात. दुचाकीसाठी एक मीटर गुणिले दोन मीटर. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या निकषात साठ विद्यार्थ्यांचा वर्ग ६६ चौरस मीटरचा असतो, म्हणजे एका विद्यार्थ्याच्या वाट्याला जेमतेम एक चौरस मीटर येतो. सहा मोटारी शेजारी शेजारी उभ्या केल्या की साठ मुलांच्या एका वर्गाहून अधिक जागा व्यापली जाते. त्या मोटारींना वळण्यासाठी, मागे-पुढे होण्यासाठी लागणारी जागा यात धरलेलीच नाही. ती धरली तर आकडा दुपटीच्या आसपास जातो.

ही जागा फुकट असते असे आपल्याला वाटते. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात नगररचना शिकवणारे प्राध्यापक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर याच समजुतीचा पाठपुरावा केला. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द हाय कॉस्ट ऑफ फ्री पार्किंग’ या त्यांच्या ग्रंथाचा गाभा असा की विनामूल्य वाहनतळाची किंमत कुणीतरी देतच असते, आणि ज्यांच्याकडे वाहन नाही तेही त्यात वाटेकरी असतात. आपल्या महाविद्यालयांकडे या नजरेने पाहा. शिंदखेड्याहून एस. टी. ने येणारी आणि थांब्यापासून पायी येणारी मुलगी जे शुल्क भरते, त्याच शुल्कातून वाहनतळाचे सपाटीकरण, छप्पर आणि रखवालदार यांचा खर्च होतो. तिच्यासाठी मात्र फाटकापासून वर्गापर्यंत ना पदपथ असतो ना सावली. गाड्यांच्या रांगांमधून वाट काढत तिला जावे लागते. जो चालत येतो त्याच्यासाठी सर्वांत कमी खर्च व्हावा, हे काही न्यायाचे नव्हे.

पावलांचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीने आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम करावा. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी रोज सरासरी एक तास शरीर हालते ठेवावे. झपझप चालणे हा असा मध्यम व्यायाम आहे. आता समजा, आवारातील वाहनतळ फाटकाजवळ आहे आणि तेथून वर्ग आठशे मीटरवर आहे. चालायला दहा मिनिटे लागतील. जाताना दहा, येताना दहा, आठवड्याचे सहा दिवस मिळून १२० मिनिटे झाली. ग्रंथालयाला, उपाहारगृहाला एखादी फेरी झाली की १५० मिनिटांचा कोटा भरला. व्यायामशाळेचे शुल्क नाही, पहाटे उठण्याचा निश्चय नाही, आईने दहा वेळा आठवण करून देणे नाही.

हेच वाहनतळ वर्गाच्या पायरीशी आणून ठेवा. घराच्या ओट्यावरून गाडीवर बसलेला विद्यार्थी वर्गाच्या दारात उतरतो आणि संध्याकाळी तसाच परततो. त्याच्या दिवसाच्या पावलांतून हजारो पावले गळून पडतात. आपल्या कुटुंबांत चाळिशीतच मधुमेह आणि रक्तदाब आढळू लागला आहे, हे आपण सगळेच पाहतो. ज्याच्या आईवडिलांना मधुमेह आहे, त्या मुलाला त्या आजाराचा धोका अधिक असतो, आणि तो पुढे ढकलण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे नियमित चालणे. सतराव्या-अठराव्या वर्षी लागलेली सवय पुढे सोबत राहण्याचा संभव मोठा असतो. म्हणून या वयातील दहा मिनिटांच्या वाटेला मी औषधाइतके महत्त्व देते.

चालण्याचा दुसरा लाभ मनाचा. वर्गातून बाहेर पडल्यावर मित्रांबरोबर केलेली दहा मिनिटांची पायवाट म्हणजे अनेकांसाठी दिवसातील एकमेव निवांत संवाद. खेड्यातून प्रथमच शहरात आलेल्या, बुजलेल्या मुलाची ओळख अशा वाटेवरच होते. दोन गाड्यांवरून समांतर जाणाऱ्या मुलांचे बोलणे मात्र जीवघेणे ठरू शकते.

किल्ली कुणाच्या हाती?

आता थोडे कठोर बोलावे लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे सर्वांत मोठे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली आपल्या देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यांवर मृत्युमुखी पडली, आणि त्यांतील सुमारे ४४ टक्के दुचाकीवरील होती. साथीच्या रोगाने एवढी माणसे गेली असती तर आपण घरोघर काळजी घेतली असती.

आपल्याकडे कनिष्ठ आणि वरिष्ठ महाविद्यालये बहुधा एकाच आवारात असतात. म्हणजे वाहनतळातील कित्येक गाड्या अकरावी-बारावीतील, सोळा-सतरा वर्षांच्या मुलांनी आणलेल्या असतात. मोटार वाहन कायद्याप्रमाणे गाडी चालवण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. सोळा वर्षांवरील मुलांना केवळ ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा परवाना मिळू शकतो, आणि तशा गाड्या आज बाजारात जवळजवळ दिसतच नाहीत. शंभर-सव्वाशे सीसीची स्कूटर ‘गिअर नाही, म्हणून चालते’ हा सर्वत्र पसरलेला गैरसमज आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने वाहन चालवताना गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, २५ हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना नाही, अशी त्यातील तरतूद आहे.

कायद्याचा धाक दाखवण्याचा माझा हेतू नाही. परंतु आपण प्रेमापोटी हातात दिलेली किल्ली मुलाला कुठे घेऊन जाते, हे पाहायला हवे. सोळाव्या वर्षी धोक्याचा अंदाज अजून पक्का झालेला नसतो, मागे बसलेल्या मित्राचे ‘काढ ना पुढे’ कानात असते, आणि समोर महामार्गावरचा ट्रक असतो.

अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी हेल्मेटला पर्याय नाही. हेल्मेटमुळे अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित परीक्षणातून दिसले आहे. ‘उकडते’ ही तक्रार खानदेशात खरीच आहे. तरीही हवा खेळणारे, प्रमाणित आणि हनुवटीखाली पट्टा बांधलेले हेल्मेट हवेच. हातात अडकवलेले हेल्मेट डोके वाचवत नाही. येथे महाविद्यालये एक सोपी गोष्ट करू शकतात. हेल्मेट सांभाळायला फळ्यांची जागा नसते, म्हणून मुले ते घरीच ठेवतात. वाहनतळाशेजारी क्रमांक घातलेल्या फळ्या बसवल्या आणि परवाना दाखवल्यावरच वाहनाला आवाराचा बिल्ला दिला, तर फाटकावरची रोजची हुज्जत बरीचशी मिटेल.

आवार कसे असावे?

विद्यापीठाच्या आवाराची वाहतूक नीट करण्याचे मार्ग अनोळखी नाहीत. पहिला मार्ग असा की वाहने कडेला आणि माणसे मध्यभागी. वाहनतळ फाटकाजवळ, वर्ग आणि ग्रंथालय यांच्या मधला भाग पायी चालणाऱ्यांसाठी व सायकलींसाठी. पवईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांना आवारात मोटारसायकल किंवा मोटार बाळगता येत नाही. मुले पायी किंवा सायकलने फिरतात आणि दूरच्या अंतरासाठी ‘टमटम’ या लाडक्या नावाची छोटी बस धावते. एवढ्या मोठ्या आवारात हे जमते, तर आपल्याकडील लहान आवारांत ते अवघड नसावे. अर्थात तेथील विद्यार्थी वसतिगृहात राहतात, आपले बहुतेक रोज घरून येतात, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. म्हणून आपल्याकडे गाडीवर बंदी घालण्यापेक्षा गाडी फाटकाशी थांबवणे अधिक व्यवहार्य.

दुसरा मार्ग, गाडीची गरजच कमी करणे. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठाने १९९१ साली विद्यार्थी आणि कर्मचारी यांच्यासाठी एकत्रित बस-पास सुरू केला, आणि एकट्याने मोटार घेऊन येणाऱ्यांचे प्रमाण घटले. आपल्याकडे एस. टी. विद्यार्थ्यांना मासिक पासात दोन तृतीयांश सवलत देते आणि बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत प्रवास विनामूल्य आहे. मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत मिळते. सवलत आहे, उणीव असते ती वेळेची. तास साडेसातला आणि गाडी पोहोचते आठला, असे झाले की पालक कर्ज काढून दुचाकी घेतात. महाविद्यालयाने आगाराशी बसून वेळापत्रक जुळवले, तर वाहनतळाच्या नव्या छपराहून त्याचा उपयोग मोठा.

तिसरा मार्ग, वेळा विभागणे. सकाळचे सत्र सुटते आणि दुपारचे भरते त्याच घटकेला फाटकावर गर्दी होते. जाणाऱ्या आणि येणाऱ्या गाड्या एका अरुंद दारात अडकतात, चालणारे त्यांच्यामध्ये चेंगरतात. दोन सत्रांत वीस मिनिटांचे अंतर ठेवणे, येण्याचे आणि जाण्याचे दार वेगळे करणे, पायी येणाऱ्यांसाठी तिसरे लहान दार ठेवणे, याला फारसा खर्च नाही. आवारात ताशी वीस किलोमीटरची वेगमर्यादा आणि ती पाळली जाईल असे गतिरोधक हवेत.

सायकलीचा अनुभवही सांगण्याजोगा आहे. पुण्यात २०१७ च्या अखेरीस भाडोत्री सायकलींची योजना सुरू झाली. ४११ एकरांच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवारातही सायकली आल्या. मुलांनी त्या हौसेने वापरल्या. पण मोडतोड, चोरी आणि देखभालीची आबाळ यांमुळे दीड-दोन वर्षांतच शहरातील ती योजना मंदावली. म्हणून महाविद्यालयाने सायकल आणण्याचा आग्रह धरताना तिच्यासाठी कुलूप लावता येईल असा लोखंडी कठडा, छप्पर आणि हवा भरण्याचा पंप आधी सिद्ध ठेवावा.

आणि एक जागा मात्र दाराशीच असायला हवी. अपंग विद्यार्थी, पाय मोडलेले, गर्भवती अध्यापिका, दीर्घ आजारातून उठलेले कर्मचारी यांच्यासाठी. सुगम्यतेच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार अशी जागा प्रवेशापासून तीस मीटरच्या आत आणि ३.६ मीटर रुंद असावी, म्हणजे चाकाची खुर्ची बाजूने फिरू शकते. रुग्णवाहिकेची वाट तर क्षणभरही अडलेली नसावी. ज्यांना चालता येते त्यांनी दूर गाडी लावली, तरच ज्यांना चालता येत नाही त्यांना जवळची जागा मिळते.

पण ऊन?

आपल्या मनात एव्हाना हा आक्षेप आला असेल. खानदेशात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेथे मुलांना चालायला लावायचे? आक्षेप योग्य आहे. परंतु दोन गोष्टी लक्षात घ्या. आपले कडक ऊन साधारण मार्चअखेरीपासून मृगापर्यंतचे. अध्यापनाचे बहुतेक दिवस पावसाळ्यात आणि हिवाळ्यात येतात; त्या काळात आठशे मीटर चालणे निरोगी तरुणाला सुखाचेच आहे. शिवाय उन्हाळ्यात दुचाकीवरचा विद्यार्थी तरी सावलीत कुठे असतो? तापलेली हवा तोंडावर घेत, पाणी न पिता तो पाच-दहा किलोमीटर येतो.

तरीही उन्हाच्या दिवसांत नियम सैल हवेत. परीक्षा सकाळी लवकर, फाटकाशी थंड पाण्याचे माठ, वाटेवर छप्पर किंवा झाडे, आणि मध्यान्ही फिरती गाडी. डोके दुखणे, गरगरणे, मळमळणे ही उष्णतेची पहिली सूचना. अशा वेळी सावलीत बसून जलसंजीवनी घोट घोट घ्यावी. बोलण्यात असंबद्धता आली, शुद्ध हरपू लागली, अंग भाजल्यासारखे तापले, तर तो उष्माघात. अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा आणि विनाविलंब १०८ ला कळवावे. प्रवेशाच्या कामासाठी लहान मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांना एक विनंती. ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून मुलाला बंद मोटारीत ठेवू नका. उन्हात उभ्या मोटारीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे दहा अंशांनी चढते.

दुसरा आक्षेप मुलींच्या सुरक्षिततेचा. अनेक घरांत मुलीला गाडी मिळाली म्हणूनच तिचे शिक्षण टिकले, हे मी नाकारत नाही. सुनसान थांबा आणि अंधारी वाट यांपेक्षा स्वतःची गाडी बरी, हा आईचा विचार चुकीचा नाही. त्यावर उपाय मात्र सर्वांनी मिळून करायचा आहे. फाटकापर्यंतच्या वाटेवर दिवे, वर्दळ, रखवालदाराची चौकी आणि वेळेवर येणारी बस असली, की गाडी घेऊ न शकणाऱ्या घरातील मुलगीही शिकू शकते.

आपण काय करावे?

प्रवेश घेण्यापूर्वी महाविद्यालयात जाल तेव्हा प्रयोगशाळा आणि ग्रंथालय जरूर पाहा. त्याबरोबर फाटकाशी पंधरा मिनिटे उभे राहा, सत्र सुटण्याच्या वेळी. चालणारी मुले कुठून जातात, गाड्या किती वेगाने येतात, अपंगांची जागा रिकामी आहे की तेथे कुणा अधिकाऱ्याची मोटार आहे, हे आपल्याला दिसेल. मग कार्यालयात विचारा: परवान्याची तपासणी होते का? एस. टी. चे पास आवारातच मिळतात का? सायकल ठेवायला जागा आहे का?

घरी अंतराचा विचार करा. दोन किलोमीटरच्या आत असेल तर पायी, पाचच्या आत असेल आणि वाट महामार्गाची नसेल तर सायकल, त्याहून दूर असेल तर बस किंवा ठरलेली रिक्षा. एकाच गल्लीतील तीन-चार मुलांनी मिळून रिक्षा ठरवली तर महिन्याचा खर्च दुचाकीच्या हप्ता-पेट्रोलाहून अधिक होतोच असे नाही. एकदा कागद-पेन्सिल घेऊन मांडून पाहा. अठराच्या आत किल्ली देऊ नका. अठरानंतर द्यायची झाल्यास गाडीच्या पैशातूनच चांगले हेल्मेट घ्या, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे. आपण स्वतः मुलाला मोटारीने सोडत असाल, तर फाटकाच्या शंभर पावले अलीकडे उतरवा. फाटकाशी कोंडी होणार नाही आणि शंभर पावले चालून मुलाचेही काही बिघडणार नाही.

पालकांच्या सभेत हा विषय मांडा. प्राध्यापक मंडळींनाही माझी विनंती आहे की फाटकाशी गाडी लावण्याचा आरंभ त्यांनी करावा. विद्यार्थ्यांना दूर थांबवून गुरुजनांच्या मोटारी पायरीशी उभ्या राहिल्या, तर नियम आठवडाभरही टिकणार नाही.

मृगाच्या सरी येतील तेव्हा फाटकापासून वर्गापर्यंतच्या वाटेवर दोन्ही बाजूंना कडुलिंब लावण्याचा आग्रह धरा, आणि पहिले दोन उन्हाळे त्यांना पाणी घालण्याची जबाबदारी वर्गवार वाटून घ्यायला सांगा. यंदा प्रवेश घेणाऱ्या आपल्या मुलाला त्या झाडांची पुरती सावली मिळणार नाही. धाकट्याच्या वेळेपर्यंत ती वाट सावलीची झालेली असेल.